शोभे, तुला घरी सोडलं

शोभे, तू गेलीस आणि तुझ्यावरचा माझा राग काही उतरत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग कोणावर रागावू? मागे राहिलेले सगळे रडताहेत, आणि रडणाऱ्याला बोलायची आपल्यात पद्धत नाही. तू तेवढी गप्प पडली आहेस. म्हणून तुझ्याशीच भांडते.

चारचौघांत मी तुला वहिनी म्हणत आले. दोघीच असलो की शोभे. वलगावच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, पुढे अमरावतीला कॉलेजात एका सायकलवरून गेलो. चालवायचीस तूच. चढ लागला की ओरडायचीस, "उतर वं वंदे, मी बैल हाय काय?" आणि मी उतरून मागून ढकलायचे. दादासाठी तुझं स्थळ आलं तेव्हा मी घरभर नाचले होते. मैत्रीण कायमची घरात येणार, याहून जास्त मला काही सुचतच नव्हतं. तू मात्र मला बाजूला घेऊन विचारलं होतंस, "तुही माय कशी हाय वं? खरं सांग."

"कामाची हाय," मी म्हणाले.

"म्हंजे मलेही कामाची करन," असं म्हणून तू हसलीस, आणि लग्न केलंस.

एसटीत कंडक्टरची जागा निघाली तेव्हा माय म्हणाली होती, "पोट्टी काय घंटी वाजवत गावोगाव फिरन?" दादा खाली मान घालून जेवत होता. तू वरण वाढत होतीस. पळी तशीच हातात धरून म्हणालीस, "फिरू द्या ना तिले. घरात बसून कोणतं नशीब उघडते?" लग्नाला वर्ष झालं नव्हतं तुझ्या. मायच्या तोंडाला तोंड देणारी त्या घरातली तू पहिली. त्या एका वाक्यावर मी अकोल्याला आले, स्वतःच्या खोल्या केल्या, स्वतःचं कमावलं. आजही माझ्या बसमध्ये एखादी मुलगी पास दाखवते, तेव्हा तुझी ती पळी मला दिसते. माझ्यासाठी तुला बोलता आलं. स्वतःसाठी एकदाही बोलली नाहीस. हे मी तुला माफ करायचं का?

तुझी पाठ दुखायला लागली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. झेंडूच्या वाफ्यात जन्म वाकून काढला, पाठ दुखणारच. मायनं तेल दिलं. दादानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप यायचा, उतरायचा, तू पुन्हा तोडणीला जायचीस. एक दिवस मी आले तर तू भिंतीला धरून उभी. बसता येईना, निजता येईना. मीच तुला रिक्षात घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. मणक्यात पू झाला होता. जंतू रक्तात उतरले होते.

दवाखान्यातले ते दिवस आठवले की मला लाज वाटते, कारण ते चांगले दिवस होते. औषध लागू पडलं, ताप गेला, आणि तू खाटेवर पाय पसरून पडून राहिलीस. कोणी उठवत नव्हतं. जेवण समोर यायचं. तू मला म्हणालीस, "वंदे, इथला चहा पाणचट हाय पण हातात येते वं." शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली होती.

मग डॉक्टरांनी तुला घरी सोडायचं ठरवलं. जंतू हाडात आहेत, म्हणाले, औषध शिरेतूनच जायला पाहिजे, दीड महिना तरी. पण त्यासाठी खाट अडवून बसायची गरज नाही. दंडातून एक बारीक लांब नळी आत घालू, ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते. रोज नवी सुई टोचायला नको. दिवसातून एकदा सिस्टर घरी येईल, छोटी बाटली लावेल, अर्ध्या-पाऊण तासात काम होईल. नळीच्या जागेला पाणी लागू द्यायचं नाही. त्या हातानं वजन उचलायचं नाही. जागा लाल झाली, थंडी वाजून आली, तर त्याच घटकेला दवाखान्यात यायचं. हे सगळं ते दादाला सांगत होते. तू बाजूलाच बसली होतीस, पण सूचना दादाला. तो "हो साहेब, हो साहेब" करत होता.

मी तेव्हाच म्हटलं, शोभाला अकोल्याला नेते. तिथेही दवाखाने आहेत, सिस्टर मिळते. माझ्या घरी कोणी नाही, काम नाही, आराम होईल.

"नणंदेच्या घरी दुखणं घेऊन जाऊ काय?" तू म्हणालीस. "गावातले लोक मायले नावं ठेवतीन."

"ठेवू दे."

"आनं झेंडू? पोळा झाला की तोडणी लागते."

"दादा पाहीन झेंडू."

"तुह्या दादाले कळी कोणती आनं फूल कोणतं, हे तरी समजते काय?"

तू हसलीस. मी हसले नाही. ते भांडण तिथे अर्धंच राहिलं, कारण खाली गाडी येऊन उभी होती. नंतर फोनवर मी ते पुन्हा पुन्हा काढलं. दर वेळी तू विनोद केलास. तुझे विनोद म्हणजे बंद दार होतं, शोभे, आणि मी त्यावर थापा मारत राहिले.

घरी आलीस. पहिले काही दिवस सगळं नीट झालं, हेही मी खोटं सांगणार नाही. गावातली सिस्टर रोज स्कुटीवर यायची, हात धुवायची, खिडकीच्या गजाला बाटली अडकवायची. मी एका सुट्टीच्या दिवशी आले तेव्हा तू खिडकीशी पलंगावर बसली होतीस, दंडाला पारदर्शक पट्टी, बाटलीतून थेंब पडताहेत. माय तुझ्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मला खरं वाटेना.

"पाह्यलं?" तू हळूच म्हणालीस. "बाटली चालू हाय तोवर कोणी आवाज देत नाही मले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी अशी कधी बसलो नाही मी. हळूहळू सोडा म्हणतो सिस्टरले."

ते ऐकून मी हसले आणि मग मला रडू यायला लागलं. बाटली संपली. सिस्टरनं नळी धुतली, टोपण लावलं, गेली. आणि तू पलंगावरून उठलीस, साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी दंडावर चढवलीस, वर खाली रबर लावले, आणि भांडी घासायला बसलीस. ती पिशवी डॉक्टरांनी आंघोळीपुरती सांगितली होती. तू तिचा रेनकोट केला होतास.

मी तुला ओढून उठवलं. मायवर ओरडले. माय म्हणाली, "मी म्हटलं काय तिले घास म्हणून? तिचं तीच बसली." हे खरं होतं. मायनं म्हटलं नव्हतं. त्या घरात म्हणावं लागतच नाही. भांडी पडलेली असतात, आणि एक बाई त्यांच्याकडे पाहत असते.

आत आल्यावर तू माझा हात धरलास. "वंदे, तू चार दिवस येशीन, मले बसवशीन. तू गेल्यावर माह्या बसण्याचं कोण निस्तरन?"

संध्याकाळच्या गाडीनं मी अकोल्याला परत आले.

आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरला असंच झालं होतं. पायाच्या हाडात पू. त्यालाही दंडात नळी घालून घरी सोडलं. तो पूर्ण दीड महिना खाटेवर लोळला, मोबाइलवर कुस्त्या पाहिल्या, बायकोनं त्याला हातात ताट दिलं, पाठ पुसून दिली, पट्टीला थेंब लागू दिला नाही. आता तो परतवाड्याची गाडी चालवतो. तेच औषध, तशीच नळी. तो भेटला की मला म्हणतो, "ताई, घरी लय बरं वाटते हो, दवाखान्यापेक्षा." मी मान डोलावते. त्याचं खरंच आहे. त्याच्या घरात त्याची बायको होती. तुझ्या घरात तूच होतीस.

मग भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आल्या.

मी दादाला फोन करून बजावलं होतं की या वर्षी स्वयंपाकाला बाई लाव. "बरं," म्हणाला. त्याच्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी विश्वास ठेवला. बाई ठरलीही होती. पण माय म्हणाली की बाहेरच्या बाईचं सोवळं कोणी पाहिलं, नैवेद्य घरच्याच हातचा पाहिजे. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. तिला चुलीशी बसवत नाही. ती काही राक्षसीण नाही, शोभे, हे तुला माहीत आहे आणि मलाही. लक्ष्म्या पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात बसतात, आणि आपल्या हयातीत त्या उपाशी उठल्या तर मेल्यावर काय तोंड दाखवू, एवढीच तिला भीती. त्या भीतीपुढे तुझी नळी तिला दिसली नाही. पुढचं वाक्य तू बोललीस, असं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू म्हणालीस, "मी करतो."

आधीचे दोन दिवस तू पितळेची भांडी चिंचेनं घासलीस, मुखवटे पुसलेस, ओटा धुतलास. जेवणाच्या दिवशी पहाटे डोक्यावरून पाणी घेतलंस आणि ओलेत्यानं चुलीशी बसलीस. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, फुलोरा. पट्टीखाली पाणी गेलं होतं. नळीची जागा लाल झाली होती, आणि तुला ते दिसत होतं. आंधळी नव्हतीस तू.

सिस्टर आली ती दुपारी. तिनं पट्टी सोडून पाहिली आणि म्हणाली, या नळीतून मी आज औषध देणार नाही, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. माय म्हणाली, "पंगती उठू दे, बाई." सिस्टरनं दादाला फोन केला. दादा फूलबाजारात होता, वर्षातला झेंडूचा मोठा दिवस. तो म्हणाला, "उद्या लक्ष्म्या उठल्या की नेतोच." मखरात दोन लक्ष्म्या नेसवून, नटवून, बसवून ठेवल्या होत्या. त्यांना हलवायचं नाही म्हणून तुलाही हलवलं नाही.

मला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. सणाच्या जादा गाड्या. अमरावती स्टँडवर गाडी लावून मी तुला फोन केला. आजूबाजूला इतका गलका होता की मी एका कानात बोट घातलं होतं.

"कशी हायेस?"

"मस्त हाय."

"हात?"

"हातही मस्त हाय. पुरण असं झालं वं वंदे, तू पाह्यजे होतीस. तुह्यासाठी ठेवतो."

तासाभरापूर्वी सिस्टर तुला दवाखान्यात न्या म्हणून सांगून गेली होती. आणि तू मला पुरणाचं सांगत होतीस. मी वलगावपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर उभी होते, शोभे. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मी आले असते, मेमो मिळाला असता तर मिळाला असता. तुझं मन दुखेल म्हणून मी हे कुणाला सांगत नाही, पण राग येतो तो इथे येतो. मायचा नाही, दादाचा नाही, डॉक्टरचा नाही. तुझ्या त्या "मस्त"चा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. तू उठतच नव्हतीस. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुला आयसीयूत घेतलं होतं. नळी काढली होती, गळ्यात दुसरी घातली होती, तोंडाला मास्क. थोडा वेळ मला आत सोडलं. तू डोळे उघडलेस, माझ्या खाकी कपड्यांकडे पाहिलंस आणि विचारलंस, "तुही ड्युटी नाही काय आज?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग ठीक हाय," म्हणालीस. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. पुण्याहून तुझी लेक रश्मी आली तेव्हा तू तिला ओळखण्याच्या पलीकडे गेली होतीस. ती तुझ्या पायाशी उभी राहून सारखं एकच विचारत होती, मला कोणी सांगितलं का नाही, आत्या? तिला कसं सांगू की तूच सांगू दिलं नव्हतंस. पोरीची नवी नोकरी, तिचा जीव लागणार नाही कामात, असं म्हणायचीस.

तू गेल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. घरी का सोडलं तिला, दीड महिना ठेवून का घेतलं नाही? ते उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, घरी पाठवतो ते बरं व्हावं म्हणूनच पाठवतो. दवाखान्यात पडून राहिलं तर दुसरे जंतू लागतात. बहुतेक लोक घरी नीट बरे होतात. मी तुमच्या भावाला विचारलं होतं, घरी बघायला कोण आहे? ते म्हणाले, काळजी नाही साहेब, घरात बायका आहेत."

घरात बायका आहेत. दोनच बायका होत्या, शोभे. एकीला गुडघ्यांनी उठवत नव्हतं, आणि दुसरी पेशंट होती. दादा खोटं बोलला नाही. त्यानं मोजताना तुला धरलं, एवढंच.

तेरवीला ओसरी भरली होती. आपल्याकडे तेरवीला लोक चांगलं बोलतात. एक बाई म्हणाली, "शेवटपर्यंत कामात होती, कोणाले तरास दिला नाही." दुसरी म्हणाली, "हातात नळी असून लक्ष्म्यांचा सैपाक केला बाईनं, अशी सून नशिबानं भेटते." माय पदर डोळ्याला लावून मान हलवत होती. सगळ्यांच्या तोंडी तेच. तू ज्यानं मेलीस त्याचंच ते कौतुक करत होते, आणि तिथे बसलेल्या सुना ऐकत होत्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "त्या सैपाकानंच मारलं तिले."

मायचा पदर डोळ्यावरून खाली आला. माय म्हणाली, "लेक हायेस का वैरीण?" रश्मी उठून माझ्याजवळ येऊन बसली. वाढप्या वरणाची बादली घेऊन थांबला होता, कोणीतरी त्याला वाढ म्हणून खुणावलं आणि पंगत सुरू झाली. मी जेवले नाही. पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाले. ते माझं माहेर होतं, आता तिथे परत कधी जाईन, मला ठाऊक नाही.

दादा मागून आला. स्टँडच्या बाकावर माझ्या शेजारी बसला. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते, अगदी शाळेतल्यासारखे.

"मी मायले सांगतलं होतं, पाणी लागू देऊ नको म्हणून," तो म्हणाला. "माय म्हणते, मी शोभीले सांगतलं होतं. शोभीनं तरी आयकाले पाह्यजे होतं ना, वंदे? थंडी वाजून राहिली होती तर सांगाले पाह्यजे होतं. मी नेलं असतं. देवाशप्पथ नेलं असतं."

"तू बाजारातून आला तेव्हा ती काय करून राहिली होती?"

"पाव्हणे होते. च्या करून राहिली होती."

"तुले च्या तिनंच आणून देल्ला?"

"हो."

"कसा देल्ला?"

माझी गाडी वळणावर दिसायला लागली. तो दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता.

"दादा, कसा देल्ला?"

"कप वाजत होता बशीवर," तो म्हणाला. "हात कापत होते तिचे. च्या बशीत सांडला. मी म्हटलं, पाहून दे ना जरा."

गाडी आली. कंडक्टर माझ्या ओळखीची, तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी चढले. दादा खाली उभा राहून काही म्हणत होता, काचेतून मला ऐकू आलं नाही, आणि मी काच उघडली नाही.

तू सांगितलं नाहीस असं मी समजत होते, शोभे. तू सांगितलं होतंस. त्यानं ऐकलंही होतं.